ब्रिटिश लष्करी बंदुकांच्या नळ्यांचा रंग : खानदेशातील जुन्या शस्त्रांच्या संदर्भात

प्रस्तावना :

खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे घासूनपुसून पुजण्याची रीत खानदेशात आजही पाळली जाते. एखाद्या वाड्यात पूर्वजांची बंदूक जतन केलेली असेल तर तीही या निमित्ताने खाली उतरते आणि चिंच, विटेची भुकटी किंवा काचकागद यांनी लखलखीत केली जाते. त्यामागील भावना आदराचीच असते. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्या घासण्यात वस्तूवरील महत्त्वाचा पुरावा नष्ट होत असतो. याच्या उलट चूकही आढळते : तपकिरी दिसणारी प्रत्येक बंदूक मूळची तपकिरीच होती, असे गृहीत धरले जाते. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील तर कारखान्यातून बाहेर पडताना नळी कोणत्या रंगाची होती, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

विवेचन :

शिंदखेडा तालुक्यातून तापी ओलांडली की उत्तर तीरावर थाळनेरचा किल्ला लागतो. 27 फेब्रुवारी 1818 रोजी सर टॉमस हिस्लॉप यांच्या सैन्याने तो घेतला. शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांस फाशी देण्यात आले. पुढे 1825 मध्ये जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभारली. या कालखंडातील ब्रिटिश पायदळाचे प्रमुख शस्त्र म्हणजे 'इंडिया पॅटर्न' नावाची चकमकीची बंदूक. 39 इंच नळीचा हा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीचा होता. फ्रान्सशी युद्ध सुरू होताच शस्त्रांची टंचाई जाणवू लागली, तेव्हा 1790 च्या दशकात खुद्द इंग्लंडच्या सरकारने कंपनीचा साठा विकत घेतला व नंतर हाच नमुना स्वीकारला. हिंदुस्थानसाठी केलेली बंदूक अशा रीतीने नेपोलियनविरुद्धच्या युद्धात वापरली गेली.

ही बंदूक कारखान्यातून निघे ती पांढरी, म्हणजे कोणताही रंग न चढविता झिलई दिलेल्या उघड्या लोखंडाची. दस्त्याची टाच, चापाचे कडे व गजाच्या नळ्या पितळेच्या असत. लोखंड चकचकीत राखणे ही शिपायाची जबाबदारी. विटेची बारीक भुकटी व तेल हे त्याचे साहित्य. कवायतीत अशा नळ्यांची रांग उन्हात झळके, पण शत्रूला तीच दुरून दिसे. शिवाय रोजच्या घासण्याने नळी झिजत जाई, आणि हिंदुस्थानच्या पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज धरे.

यावरील उपाय गंजातूनच काढण्यात आला. नळी तेलविरहित करून तिच्यावर नायट्रिक आम्ल, मोरचूद, मद्यार्क यांसारख्या द्रव्यांचे मिश्रण लावावयाचे, ती दमट जागी ठेवून गंज येऊ द्यावयाचा, सुटा गंज तारेच्या कुंचल्याने काढावयाचा आणि पुन्हा लेप द्यावयाचा. असे अनेक वेळा केल्यावर लोहाच्या ऑक्साइडचा घट्ट, एकसारखा तपकिरी थर बसतो. मग उकळत्या पाण्याने आम्ल धुऊन काढून वर मेण किंवा रोगण दिले जाई. हा थर नवा गंज पूर्णपणे रोखत नाही, मात्र त्याचा वेग कमी करतो आणि चकाकी घालवतो. 1800 च्या सुमारास आलेल्या बेकर रायफलीस हा रंग प्रथमपासून होता, कारण ती आडोशाने लढणाऱ्या शिपायांसाठी होती. सामान्य पायदळाच्या बंदुकांना तो 1815 च्या सुमारास लागू झाला.

'ब्राऊन बेस' या लोकप्रिय नावाचा उगम या रंगात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785 च्या बोली शब्दकोशातही हे नाव आहे. म्हणजे नाव आधीचे, रंग नंतरचा.

पुढील काळातील 1853 च्या एनफिल्ड रायफलीची नळी निळी असे. पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो व प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणामुळे तो निळा भासतो. गंजलेली नळी उकळत्या पाण्यात ठेवूनही तांबूस ऑक्साइडचे काळसर ऑक्साइडमध्ये रूपांतर करता येते. त्याच रायफलीच्या चापाच्या यंत्रणेवरील करडे-निळे ढग वेगळ्या क्रियेचे : हाडे व चामडे यांच्या कोळशात भाग तापवून पाण्यात विझविला की पृष्ठभाग कठीण होतो, आणि हे रंग ओघाने येतात.

देशी कारागिरांनाही पृष्ठभागाची ही विद्या अपरिचित नव्हती. जौहरदार पोलादाची नक्षी उठविण्यासाठी हिराकस वापरण्याची पद्धत होती, आणि शिकलगार हे तर शस्त्रे उजळविण्याच्या व्यवसायावरून पडलेले नाव आहे. शिकलगाराने पुन्हा उजळलेली तपकिरी नळी आज मूळची पांढरी वाटू शकते. तर माळ्यावर दीडशे वर्षे पडून राहिलेली पांढरी नळी तपकिरी दिसू शकते.

भेद कसा ओळखावा? मुद्दाम चढविलेला तपकिरी रंग एकसारखा व घट्ट असतो, नैसर्गिक गंज ठिपक्यांचा, खड्ड्यांचा व बोटाला लागणारा. नळीचा लाकडाखाली दडलेला भाग अधिक विश्वसनीय, कारण तेथे खंडेनवमीचा हात सहसा पोचत नाही. मात्र नळी सुटी करण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे. त्याआधी तिच्यात जुना बार राहिलेला नाही ना, याची त्याच्याकडून खात्री करून घेणे अगत्याचे आहे. अशा बंदुका भरलेल्या अवस्थेत सापडल्याची उदाहरणे आहेत.

रंगाबरोबर अक्षरेही जातात, ही हानी अधिक गंभीर होय. कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाकृती शिक्का असे व 1808 पासून सिंहाची आकृती आली. सरकारी बंदुकांवर राजमुकुट व राजाची आद्याक्षरे असत. काळ आणि मालकी ठरविण्याचा हा आधार काही वर्षांच्या घासण्याने सपाट होतो, आणि मग ती बंदूक थाळनेरच्या काळातील की 1857 नंतरची, हे सांगणे दुरापास्त होते. पूजेस्तव बंदूक काढावयाची असेल तर मऊ कोरड्या फडक्याने पुसून लोखंडावर खनिज तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात पुरेसा आहे. चिंच पितळी भागांनाही लावू नये. तिचे आम्ल फटींतून लोखंडापर्यंत उतरते.