व्यसनमुक्तीची खरी कसोटी : घरी परतल्यानंतर

व्यसनी व्यक्तीला केंद्रात दाखल केले, महिना-सव्वा महिना उपचार झाले की ती बरी झाली, असा समज समाजात रूढ आहे. अफूजन्य मादक पदार्थांच्या बाबतीत हा समज प्राणघातक ठरू शकतो. अफू, हेरॉइन, ‘गर्द’ या नावाने परिचित असलेली ब्राऊन शुगर आणि वैद्यकीय सल्ल्याविना घेतली जाणारी काही वेदनाशामक औषधे या वर्गात मोडतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख व्यक्ती अशा पदार्थांचे सेवन करीत होत्या.

सेवन थांबताच अंगदुखी, जुलाब, निद्रानाश सुरू होतो. हा त्रास औषधोपचाराने काही दिवसांत आटोक्यात येतो. मनाची ओढ मात्र कित्येक महिने टिकते. शिवाय सेवन काही आठवडे बंद राहिल्यास शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच घरी परतल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

पुण्याचा अनुभव

१९८० च्या दशकात गर्दने महानगरांतील तरुणांना ग्रासले. त्या वेळी डॉ. अनिता अवचट व लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे औषधांइतकेच समूहजीवनाला महत्त्व देण्यात आले. व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांनी तेथेच कार्यकर्ते म्हणून इतरांना आधार दिला. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. उपचारांनंतरचा पाठपुरावा हा उपचारांचाच भाग होय, हे या कार्याने दाखवून दिले.

गाव काय करू शकते?

राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्यातील रुग्णाला पुण्याच्या बैठकीस वारंवार जाणे शक्य नसते. त्याचा पाठपुरावा गावालाच करावा लागतो आणि त्यासाठी लागणारी माणसे गावात असतात. दूध संस्थेत किंवा शेतात नियमित काम मिळाले, तालमीत वा भजनी मंडळात पूर्वीसारखे स्थान मिळाले, तर रिकामा वेळ आणि जुनी संगत दोन्ही टळतात. बचत गटातील भगिनी त्याच्या पत्नीला वा आईला धीर देऊ शकतात. आशा कार्यकर्तीने औषधांची चौकशी ठेवावी. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दिले असल्यास ‘हेही व्यसनच’ म्हणून ते बंद करावयास लावू नये. हे औषध ओढ शमविते आणि जीव वाचविते.

पुन्हा सेवन घडले, तरी हिणवणे वा मारहाण हा त्यावरचा उपाय नव्हे. विलंब न लावता डॉक्टरांकडे नेणे हेच हिताचे. व्यक्ती शुद्ध हरपून घोरू लागली किंवा श्वास मंदावला, तर १०८ क्रमांकावर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे आजार लपवितात. वस्तुतः १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीस, सेवन वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. विनामूल्य मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

केंद्र व्यसन सोडवू शकते. सुटलेले व्यसन सुटलेलेच राहावे, ही जबाबदारी मात्र घराची आणि गावाची आहे.