मुंबईतील कुटुंबाधिष्ठित टोळ्या : उगम आणि विस्तार

संघटित गुन्हेगारीत टोळीबांधणीचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात माणसे मोबदल्यासाठी एकत्र येतात. दुसऱ्यात टोळीचा गाभा रक्ताच्या नात्यांचा असतो. या दुसऱ्या प्रकारास कुटुंबाधिष्ठित टोळी म्हणता येईल. सिसिलीतील माफिया आपल्या टोळीलाच ‘कुटुंब’ म्हणतात. मात्र तेथे दीक्षाविधीने परक्यालाही प्रवेश मिळतो. मुंबईत भाऊ, बहीण, मेहुणे ही प्रत्यक्ष नाती महत्त्वाची ठरली.

या टोळ्यांना भांडवल मिळाले ते निर्बंधांमुळे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी फोफावली, तर 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात सोन्याची तस्करी किफायतशीर ठरली. अशा धंद्यात करारपत्र नसते आणि बुडालेल्या उधारीसाठी दिवाणी दावाही लावता येत नाही. त्यामुळे माल व रोकड विश्वासाने सोपवण्यासाठी नातेवाईक सोयीचे ठरले. करीम लाला, हाजी मस्तान व वरदराजन मुदलियार हे या काळातील प्रमुख म्होरके होत.

पुढे कासकर बंधू प्रबळ झाले. त्यांचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेत हवालदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील मुंबके. करीम लालाच्या पठाण टोळीशी वैर वाढत गेले आणि 12 फेब्रुवारी 1981 रोजी प्रभादेवीतील पेट्रोल पंपावर थोरला भाऊ शाबीर याची गोळ्या घालून हत्या झाली. त्यातील आरोपी अमीरजादा 1983 मध्ये न्यायालयाच्या आवारातच मारला गेला. पुढे शाबीरचा धाकटा भाऊ दाऊद याने दुबई गाठली. जुलै 1992 मध्ये त्याची बहीण हसीना हिच्या पतीची प्रतिस्पर्धी अरुण गवळीच्या टोळीने हत्या केली. 12 सप्टेंबरला जे. जे. रुग्णालयात झालेला गोळीबार हा त्या हत्येचाच सूड होता. नात्याने जसा विश्वास पुरवला, तसे वैरही वारशाने दिले.

अरुण गवळीचे बळ गिरणगावात होते. 1982 च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या वस्त्यांत हप्ता, खंडणी आणि सुपारीच्या धंद्याला तरुण सहज मिळू लागले. भायखळ्याची दगडी चाळ हे त्याचे घर आणि टोळीचे ठाणेही होते. तेथूनच तो राजकारणात उतरला व 2004 मध्ये आमदार झाला. त्याची मुलगी नगरसेविका झाली. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या 2007 मधील हत्येप्रकरणी 2012 मध्ये त्याला जन्मठेप झाली.

राज्याने 1999 मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच मोक्का, लागू केला. टोळीतील सदस्याच्या वतीने बेहिशेबी मालमत्ता बाळगणाराही त्याखाली शिक्षेस पात्र ठरतो. त्यामुळे नातेवाइकाच्या नावावर पैसा ठेवण्याची जुनी सोय धोक्याची झाली. तस्करांच्या मालमत्ता जप्त करणारा 1976 चा केंद्रीय कायदाही नातेवाइकांच्या नावावरील मिळकतीपर्यंत पोहोचतो; त्याच कायद्यान्वये 2020 मध्ये मुंबके येथील कासकर कुटुंबाच्या वडिलोपार्जित घराचा लिलाव झाला.