शेत वणीचे, मालक नागपूरचा: दावा कुठे लावायचा?

इसार दिला, इसारचिठ्ठीवर सह्या झाल्या, पण मुदत उलटली तरी मालक खरेदीखत करून देत नाही, अशा वेळी खरेदीदार विशिष्ट अनुपालनाचा दिवाणी दावा लावू शकतो. तो कोणत्या न्यायालयात लावायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील कलम 15 ते 20 ठरवतात.

पहिला प्रश्न हद्दीचा. कलम 16 नुसार स्थावर मालमत्तेतील हक्काचा किंवा ताब्याचा दावा ती मालमत्ता जिथे आहे तिथल्याच न्यायालयात चालतो. शेत वणी तालुक्यात, मालक नागपुरात आणि इसारचिठ्ठी पुण्यात झालेली असली, तरी खरेदीखत व ताबा मागणारा दावा वणीचे शेत ज्या न्यायालयाच्या हद्दीत येते तिथेच लावावा लागतो. प्रतिवादी राहतो तिथे किंवा करार झाला तिथे दावा लावण्याची मुभा कलम 20 देते, पण ती कलम 16 मध्ये न बसणाऱ्या दाव्यांपुरती.

हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ युनिव्हर्सल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये हेच सांगितले. प्लॉट गुडगावचा, दावा दिल्लीत. वाद दिल्लीतच चालावा असे करारात लिहिले होते आणि प्रतिवादीने सुरुवातीला हद्द मान्यही केली होती. तरीही मुळात नसलेला अधिकार पक्षकारांच्या संमतीने न्यायालयाला मिळत नाही, असे ठरले.

कलम 16 ला एक परंतुक आहे. मागितलेली दाद प्रतिवादीने स्वतः हुकूम पाळल्याने पूर्णपणे मिळत असेल, तर तो राहतो तिथेही दावा लावता येतो. म्हणून ‘ताबा नको, फक्त खरेदीखत द्या’ अशी मागणी करून दावा मालकाच्या गावी नेण्याचे प्रयत्न होतात. रोहित कोचर विरुद्ध विपुल इन्फ्रास्ट्रक्चर या 2024 च्या निकालाने ही वाट अरुंद केली: खरेदीखताची नोंदणी मालमत्ता असलेल्या ठिकाणी करावी लागते आणि विक्रीबरोबर ताबा देण्याची जबाबदारी येतेच, त्यामुळे नुसत्या हुकूमपालनाने दाद पूर्ण होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी शाखेला मात्र कलम 16 लागू नाही. तिथे लेटर्स पेटंट या सनदेचा नियम चालतो, म्हणून तिथले दाखले वणीच्या शेताच्या दाव्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

एकाच सौद्यातील जमीन दोन हद्दींत असेल तर कलम 17 उपयोगी पडते. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड तालुक्यात एक शेत आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यात दुसरे असेल, तर दोन्हींपैकी कोणत्याही एका ठिकाणी पूर्ण दावा लावता येतो.

दुसरा प्रश्न दर्जाचा. कलम 15 नुसार दावा सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या न्यायालयात लावायचा असतो: मूल्यांकनाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यापुढे वरिष्ठ स्तर. महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमानुसार हे मूल्यांकन इसाराच्या रकमेवर नव्हे, तर सौद्याच्या पूर्ण किमतीवर होते. वादपत्रात गट क्रमांक आणि चतुःसीमा स्पष्ट लिहाव्या लागतात. हद्द त्यावरूनच कळते. ताबा हवा असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे तो वेगळा मागावा लागतो. सुरुवातीला राहून गेल्यास दुरुस्तीने ही मागणी जोडता येते.

दावा चुकीच्या न्यायालयात लावला गेला तर तो फेटाळला जात नाही. आदेश 7 नियम 10 खाली वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळते. मात्र तिथे कामकाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची असते. ती करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर मालकाचा नकार कळल्यापासून मोजतात. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदत अधिनियमाच्या कलम 14 नुसार वगळता येतो, पण दावा सद्भावनेने आणि तत्परतेने चालवला होता हे वादीला दाखवावे लागते.