रॉबिनच्या डोळ्यातले होकायंत्र

आपल्याकडच्या दयाळ आणि चीरक या पक्ष्यांना इंग्रजीत ‘रॉबिन’ म्हणतात. हे नाव मूळचे त्यांचे नव्हे. इंग्रजांना हे पक्षी पाहून मायदेशातल्या एका लाडक्या पाखराची आठवण झाली आणि त्यांनी त्याचे नाव यांना देऊन टाकले. आज त्या मूळच्या रॉबिनची ओळख करून घेऊ या.

युरोपातल्या रानांत राहणारा हा पक्षी चिमणीएवढा असतो. लांबी सुमारे १४ सेंटिमीटर, वजन १६ ते २२ ग्रॅम. पाठ तपकिरी, चेहरा व छाती नारिंगी-तांबडी. अन्न तो मुख्यतः जमिनीवर शोधतो. बुटक्या फांदीवर बसून पाचोळ्याकडे टक लावायची, काही हलले की खाली झेपावायचे, दोन उड्या मारून थांबायचे आणि मान वाकडी करून पाहायचे, असा त्याचा क्रम. रानडुकरे नाकाडाने माती उकरू लागली, की मागोमाग जाऊन तो उघडे पडलेले किडे व गांडुळे टिपतो. इंग्लंडात तर तो माती खणणाऱ्या माळ्याच्या पायाशीही येतो. त्याच्या लेखी माळी म्हणजे दोन पायांचे रानडुक्करच!

मात्र हा गोजिरवाणा पक्षी भलताच भांडखोर आहे. डेव्हिड लॅक या इंग्रज शाळामास्तरांनी रॉबिनच्या पायांत रंगीत कडी घालून त्यांचे जीवन अभ्यासले आणि १९४३ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या हद्दीत पेंढा भरलेला रॉबिन दिसला, तरी हा पक्षी त्यावर तुटून पडतो, असे त्यांना आढळले. नुसत्या तांबड्या पिसांच्या झुबक्यावरही हल्ला! हिवाळ्यात मादीही स्वतःची हद्द राखते आणि नराप्रमाणेच गाते.

उत्तर युरोपातले रॉबिन थंडीपूर्वी नैर्ऋत्येकडे स्थलांतर करतात, तेही रात्री. ढगांनी तारे झाकले, तर दिशा कशी कळत असेल?

जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे १९६०च्या दशकात असे दिसून आले, की आकाश न दिसणाऱ्या पिंजऱ्यातही रॉबिन योग्य दिशेलाच उड्या मारतात. पिंजऱ्याभोवती तारेची वेटोळी ठेवून, त्यांतून वीजप्रवाह सोडून चुंबकीय उत्तर फिरवली, तर पक्षीही तितकेच वळतात!

पण हे होकायंत्र आपल्यासारखे नाही. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर नसतात. त्या कललेल्या असतात. या कलाला नतिकोन म्हणतात. फ्रांकफुर्टला तो सुमारे ६६ अंश आहे, तर मुंबईला ३० अंशांहून कमी. व्होल्फगांग आणि रोसविता विल्चको यांनी १९७२ साली दाखवून दिले, की क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटवला, तर रॉबिन उलट दिशेला वळतो. आडवा व उभा असे दोन्ही घटक उलटवले, तर मात्र त्याला फरक पडत नाही! म्हणजे रेषेचे उत्तर टोक कोणते, हे त्याला कळत नाही. रेषा ज्या बाजूला जमिनीत शिरते, ती ध्रुवाची बाजू, एवढेच तो जाणतो.

हे होकायंत्र त्याच्या डोळ्यात असावे, असे मानले जाते. ते चालायला उजेड लागतो. निळ्या-हिरव्या प्रकाशात ते चालते, केवळ तांबड्या प्रकाशात चालत नाही. रॉबिनच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाचे एक प्रथिन प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते, असे २०२१ साली सिद्ध झाले.

आता एक विचार करायला लावणारी गोष्ट. जर्मनीतल्याच ओल्डेनबुर्ग शहरात विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिनना दिशाच सापडेना. खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून त्यांचे अर्थिंग केले, आणि पक्षी ताळ्यावर आले! अर्थिंग काढताच पुन्हा गोंधळ. विजेची उपकरणे आणि मध्यम लहरींचे रेडिओ-प्रक्षेपण यांतून उठणारा अतिक्षीण विद्युत्-चुंबकीय गोंगाट त्यांना नडत होता. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. माणसासाठी ठरवलेल्या सुरक्षित मर्यादेहून कितीतरी कमी असलेला हा गोंगाट २० ग्रॅमच्या पाखराची वाट चुकवू शकतो. तेव्हा ‘आपल्याला जाणवत नाही, म्हणजे ते नाहीच’ असे म्हणून चालणार नाही.

शेवटी एक प्रयोग. शिवणाची सुई मधोमध बारीक दोऱ्याने टांगून, गाठीवर मेणाचा थेंब टाकून आडवी समतोल करा. मग तिच्यावरून चुंबक एकाच दिशेने पंचवीस-तीस वेळा फिरवा आणि पुन्हा टांगा. सुई उत्तर-दक्षिण होईल, आणि नीट पाहिलेत, तर तिचे उत्तर टोक किंचित खाली झुकलेले दिसेल. रॉबिन वाट शोधतो, ती याच कलावरून.