दोन गळ, एक सांधा

पिसे, केस आणि दोरा यांपासून कृत्रिम माशी बांधून तिने मासा पकडणे, हा ‘फ्लाय फिशिंग’ या छंदाचा गाभा होय. यातील बहुतेक माश्या नखाएवढ्याच असतात. ‘स्ट्रीमर’ला मात्र केवळ परंपरेने माशी म्हणायचे, प्रत्यक्षात ती लहान माशाची नक्कल असते. ब्राऊन ट्राउट मोठा झाला की केवळ किड्यांवर त्याचे भागत नाही, तो इतर मासे खाऊ लागतो. म्हणूनच त्याच्या मागावर असलेले शौकीन दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचे स्ट्रीमर बांधतात.

स्ट्रीमरची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील मेन राज्यातील कॅरी स्टीव्हन्स यांनी १९२४ मध्ये स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट पकडला आणि त्या प्रसिद्धीस आल्या. गळ व्हाइसमध्ये न पकडता त्या केवळ हातांनी बांधणी करीत. त्यांच्या ‘ग्रे घोस्ट’ या गाजलेल्या स्ट्रीमरच्या गालांवर राखी रानकोंबड्याचे ठिपकेदार पीस असे. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला!

या जुन्या स्ट्रीमरचा गळ लांब दांडीचा असे. आमिष आणखी मोठे करायचे तर दांडीही वाढवावी लागे आणि तेथेच दोन अडचणी उभ्या राहत. मासा डोके झटकू लागला की लांब दांडी तरफेसारखी काम करते. जखम रुंदावते आणि गळ निसटतो. शिवाय ताठ लोखंड कमरेत वाकत नाही. पोहणाऱ्या माशाची नागमोडी हालचाल त्यात येणार कोठून?

यावरचा उपाय म्हणजे सांधा. एका लांब गळाऐवजी आखूड दांडीचे दोन गळ घेऊन ते लवचीक तारेने जोडायचे. केली गॅलप आणि बॉब लिन्सेनमन यांच्या १९९९ मधील पुस्तकाने मोठ्या स्ट्रीमरची गोडी वाढवली. पुढे ब्लेन चॉकलेट यांनी ‘गेम चेंजर’मध्ये छोट्या दांड्यांची साखळी गुंफून जणू पाठीचा कणाच उभा केला.

बांधणीची सुरुवात शेपटीकडून होते. मागच्या गळावर मऊ, पाण्यात लहरणाऱ्या मॅराबू पिसांची शेपटी आणि विरळ अंग बांधतात. मग त्याच्या नेढ्यातून तार ओवून तिच्यावर एक-दोन मणी चढवतात आणि तिची दोन्ही टोके पुढच्या गळाच्या दांडीवर दोऱ्याने घट्ट आवळून डिंकाने पक्की करतात. कस लागतो तो येथे. तारेचा फास फार लांब राहिला तर फेकताना मागचा गळ पुढच्यात अडकतो. फार आखूड झाला तर सांधा असून नसल्यासारखा. मणी हे अंतर राखतात.

डोक्यासाठी हरणाचे केस वापरतात. आतून पोकळ असल्याने दोरा आवळताच ते फुलून उभे राहतात; मग कात्रीने त्यांना रुंद आकार देतात. हे डोके पाणी ढकलते, मागे भोवरे उठतात आणि त्यांत शेपटी डोलते. डोक्याखाली जड धातूचे डोळे असल्याने ओढ थांबताच स्ट्रीमर तोंड खाली करतो आणि मागचा भाग बाजूला वळतो. जखमी मासा असाच हेलपाटतो आणि शिकाऱ्याला नेमके तेच हवे असते. येथे पिसांचा अतिरेक मात्र घातक ठरतो. पाणी धरून ठेवणारा भिजलेला गोळा फेकणार कसा? म्हणून जाणकार भरीवपणाचा भास डोक्यापाशी निर्माण करतात आणि मागे हात आखडता घेतात.

दोन गळ म्हणजे दुहेरी जखमेची शक्यता. पकडलेला मासा जिवंत सोडायचा असेल, तर हा प्रश्न गंभीर ठरतो. त्यामुळे अनेक जण गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतात, तर काही पुढच्या गळाचे टोकच कापून केवळ दांडी ठेवतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बिनकाट्याचा गळ सक्तीचा असून शिशाच्या वजनांना मनाई आहे. त्यामुळे तेथे डोळे पितळेचे किंवा टंगस्टनचे लागतात.

मासा हातात किती वेळ राहतो आणि किती धडधाकट परत जातो, याचा निर्णय बराचसा बांधणीच्या टेबलावरच झालेला असतो.