पडायची जागा

बेळगाव तालुक्यातल्या कडोलीच्या शिवारातला एखादा रस्ता डिसेंबरात पाहा आणि मार्चमध्ये पुन्हा पाहा. तोच रस्ता आहे यावर विश्वास बसणार नाही. डिसेंबरात दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा असतो आणि प्रत्येक वळण आंधळं असतं. समोरून येणारी ट्रॉली आधी ऐकू येते, मग दिसते. तोड झाली की तेच वळण उघडं पडतं. पलीकडचा बांध, बांधावरचं आंब्याचं झाड, झाडाखाली लावलेली सायकल, सगळं लांबूनच नजरेत येतं. डांबर बदललेलं नाही, वळणाचा वाकही बदललेला नाही. तरी या वळणावरून मोटरसायकल किती वेगाने न्यावी याचं उत्तर ऊसतोडीच्या टोळीने बदलून टाकलेलं असतं.

वेगाचा विषय निघाला की आपण इंजिनाबद्दल बोलतो, सीसीबद्दल बोलतो, फार तर चालवणाऱ्याच्या हाताबद्दल बोलतो. जागेबद्दल सहसा कोणी बोलत नाही. खरं नवल मात्र तिथेच आहे.

एक हिशेब मांडू. उसाच्या वळणावर दोन गाड्या अगदी शेजारी शेजारी आहेत असं समजा. एक ताशी ५० किलोमीटरने चाललीय, दुसरी १०० ने. उसातून ट्रॉलीचं नाक बाहेर येतं आणि दोघांनाही एकाच क्षणी दिसतं. डोळ्यांना दिसणं, मेंदूला उमगणं आणि बोटं ब्रेकवर जाणं यात, अवचित समोर आलेल्या गोष्टीच्या बाबतीत, साधारण दीड सेकंद जातो. त्या दीड सेकंदात पहिला २१ मीटर पुढे गेलेला असतो. मग तो ब्रेक दाबतो आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर आणखी १४ मीटरांत थांबतो. एकूण ३५ मीटर. दुसरा त्याच दीड सेकंदात ४२ मीटर जातो. म्हणजे पहिला जिथे पाय टेकून उभा राहिला, तिथून दुसरा पुढे गेला तेव्हा त्याच्या ब्रेकला अजून बोटही लागलेलं नव्हतं. ट्रॉली त्या ३५ मीटरवर आडवी असेल, तर पहिला तिच्यासमोर थांबतो आणि दुसरा तिच्यावर पूर्ण १०० च्या वेगाने जातो. थोडाही कमी नाही.

हा हिशेब पहिल्यांदा कागदावर उतरवला तेव्हा कुठेतरी चुकलंय असं वाटून मी तो पुन्हा केला. चुकलेलं नव्हतं. १०० च्या वेगाने आदळणं म्हणजे सुमारे ३९ मीटर उंचीवरून, बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली येणं. ५० चा वेग म्हणजे जेमतेम दहा मीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते.

आणि १०० हा आकडा काही राक्षसी गाड्यांचा नाही. यामाहाची आरएक्स १०० आठवा. १९८५ ते १९९६ या काळात ती बनली, पण तिचा आवाज आमच्या सीमाभागातल्या आणि कोल्हापूरच्या पोरांच्या कानांतून अजून गेलेला नाही. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. एवढीशी गाडी शंभरीला भिडायची. आज गावातल्या कॉलेजच्या पोराकडे असते ती साधी १५० सीसीची गाडीही हा वेग सहज गाठते. त्या पोराला वेगाची ओढ असते यात मला वावगं काही दिसत नाही. दोन चाकांवर वळण घेताना अंगात जे होतं ते खरंच विलक्षण असतं, आणि ते का होतं हे समजलं की आणखी विलक्षण वाटतं.

गाडी उजवीकडे वळवायची असेल तर आपण हँडल उजवीकडे फिरवतो, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. वेग थोडा वाढला की प्रत्यक्षात उलटं घडतं. हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं. खालून चाकं डावीकडे सरकली की वरचा भार उजवीकडे कलतो, आणि कललेली गाडी उजवीकडे वळते. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटच्या हे लक्षात आलं होतं, आणि सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना आपण असं करतो हेच ठाऊक नसतं याचं त्याला नवल वाटलं होतं. आपलं शरीर ते शिकलेलं असतं, आपल्याला न सांगता.

किती कलायचं हे वेग आणि वळणाचा घेर मिळून ठरवतात. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ४० च्या वेगाला गाडी सुमारे २३ अंश वाकवावी लागते, ६० ला ४३ अंश, आणि ८० ला थेट ५९ अंश. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतले शर्यतवीर ६० अंशांच्याही पुढे जातात, गुडघा आणि कोपर जमिनीला घासत. आपल्या रोजच्या गाडीचं फूटरेस्ट त्याच्या कितीतरी आधी डांबराला टेकतं.

हे सगळं पेलतात ते दोन ठिपके. टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. पुढचा एक तळहात, मागचा एक. वळणं, थांबणं, पळणं, सगळा व्यवहार या दोन तळहातांच्या पकडीतून चालतो, आणि पकड मोजकीच असते. तिच्या वाटणीचा नियम मात्र फार सुंदर आहे. पकडीचा ८० टक्के भाग वळण्यात खर्च झाला असेल तर ब्रेकसाठी २० टक्के उरेल, असं आपल्याला वाटतं. उरतात ६० टक्के. कारण वळण्याचा जोर आडवा असतो आणि ब्रेकचा उभा. काटकोनातल्या जोरांची बेरीज सरळ होत नाही. घराचा पाया आखताना तीन, चार आणि पाच फुटांच्या दोऱ्या लावून गवंडी काटकोन साधतो, तोच हा हिशेब: ६०, ८० आणि १००. वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत जाणारा शर्यतवीर हा त्रिकोण दर सेकंदाला बदलत्या मापांनी आखत असतो, बोटांच्या टोकांनी.

पण शंभरावर एकशे एक झालं की टायर सुटतो. आणि डांबरावर उसाचा पाला पडलेला असेल, ट्रॉलीच्या चाकांनी शेतातला चिखल आणून टाकलेला असेल किंवा कडेची वाळू पसरलेली असेल, तर ते शंभर मुळात चाळीसच असतं. आपल्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

मग शर्यतीच्या ट्रॅकवरचे लोक पडत नाहीत का? पडतात. भरपूर पडतात. स्पेनचा मार्क मार्केस २०१७ च्या हंगामात २७ वेळा पडला. त्याच वर्षी तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. सत्तावीस वेळा, तेही दोनशे-तीनशेचे वेग जिथे नित्याचे आहेत अशा खेळात, आणि दर वेळी अंग झटकून उभा. गावाकडे एकदा ‘गाडी स्लिप झाली’ म्हणून आयुष्यभर लंगडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पुन्हा न उठलेलीही.

हा फरक समजून घ्यायला आपल्याला स्पेनला जायला नको. बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाने तालमीचा हौदा पाहिलेला असतो. तांबडी माती चाळायची, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालायचं, रोज फावड्याने उकरून ती भुसभुशीत ठेवायची. मग त्यात शंभर किलोचा गडी डोक्यावरून फेकला तरी तो उठून पुन्हा सलामी देतो. तोच डाव फरशीवर टाकला तर मान मोडेल. डावाइतकीच मेहनत माती कमावण्यावर घेतलेली असते. रेसिंगचा ट्रॅक हा असाच कमावलेला हौदा आहे.

पडलेला माणूस डांबरावरून घसरतो तेव्हा काय होतं ते पाहा. ८० च्या वेगाने पडला तर चामड्याच्या पोशाखात तो साधारण ४० मीटर घसरत जातो, १५० ने पडला तर दीडशे मीटरच्या आसपास. जाड चामडं, पाठीचं कवच आणि आत पापणी लवायच्या आधी फुगणारी एअरबॅग असेल, तर हे घसरणं बहुतेकदा सोसता येतं. जीव घेते ती मध्ये आलेली वस्तू. म्हणून ट्रॅकच्या वळणाबाहेर मोकळी पट्टी सोडलेली असते आणि पुष्कळ ठिकाणी त्यापुढे बारीक खड्यांचा खोल थर. हे खडे मुद्दाम गोलसर निवडतात. टोकदार खडी एकमेकींत अडकून फरशीसारखी घट्ट बसते. गोल खडे निसटत राहतात, आणि ज्वारीच्या राशीत पाय रुतावा तशी गाडी त्यात रुतून थांबते. आपल्या साईडपट्टीवर नेमकी टोकदार खडीच असते. पुढच्या चाळीस मीटरांत मैलाचा दगड, चर, विजेचा खांब आणि बाभळ.

गाड्या त्याच, माणसं तीच, फक्त जागा रस्त्याची, असा प्रयोगही जगात चालू आहे. ब्रिटनच्या शेजारी आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे १९०७ पासून टीटी नावाची मोटरसायकल शर्यत होते. गावांतून आणि डोंगरातून जाणारा सुमारे ६०.७ किलोमीटरचा रोजचा रस्ता रहदारीला बंद करतात आणि त्यावर शर्यत लावतात. पीटर हिकमनने २०२३ मध्ये ही फेरी ताशी सुमारे २१९ किलोमीटरच्या सरासरीने मारली. कानाशेजारून दगडी कुंपणं जातात, घरांच्या भिंती जातात. वाटेत ट्रॅक्टर नाही, म्हैस नाही, उलट्या बाजूने येणारा कोणी नाही, चालवणारे जगातले निष्णात. तरीही त्या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त शर्यतवीर गेले आहेत. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते. पण त्या भिंती मागे सरकत नाहीत.

आपल्याकडच्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ७४,८९७ जण दुचाकीवर होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला गुन्हा ठरवतं आणि पोलीस पोरांना पकडतातही. पण ओढ पकडून ठेवता येत नाही, तिला मैदान लागतं. चेन्नईजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर गवताच्या गंजी लावून शर्यती व्हायच्या, आरएक्स १०० तिथेही पळाली. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक आहे, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २४ सप्टेंबर २०२३ ला मोटोजीपी झाली आणि मार्को बेझेकी जिंकला. आमच्या अगदी जवळ म्हणाल तर कोल्हापूरचा मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक, ज्यावर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. एवढ्या मोठ्या देशाला हे फार थोडं आहे, असं मला कळकळीने वाटतं.

कडोलीच्या पंचक्रोशीला मैदानाचं महत्त्व नवं नाही. बेळगाव तालुक्यात रिकामी बैलगाडी पळवण्याच्या शर्यती भरतात. शिवारात पट्टा आखतात, खडे वेचतात, कडेला माणसं उभी करतात, आणि मग बैलजोडी सुटते. या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे कायदे ग्राह्य धरले. एवढा वाद झाला, पण जोडी भर बाजाराच्या रस्त्यावर सोडा असं कोणी म्हटलं नाही. वाऱ्यासारखे पळालेले ते बैल संध्याकाळी त्याच रस्त्याने, कासरा ढिला सोडून, पावलापावलाने घरी जातात.

ट्रॅकवरची मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र झेंडे ही आहे. प्रत्येक वळणापाशी मार्शल उभे असतात. पिवळा झेंडा हलला की पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकायचं नाही. लाल आला की शर्यत थांबली. आणि पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा म्हणजे पुढच्या वळणावर तेल, पाणी किंवा माती आहे. जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही, ते तुमच्यासाठी कोणीतरी आधीच पाहून ठेवलेलं असतं.

तसा एक झेंडा आपल्याकडेही आहे. उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात बंद पडली की ट्रॉलीवाला बांधावरची एखादी डहाळी तोडतो, मागे काही पावलं चालत जातो, ती डांबरावर आडवी ठेवतो आणि शेजारी दोन दगड मांडतो. हेडलाइटच्या खालच्या झोतात ती साधारण ५० मीटरवरून दिसते. १०० ने येणाऱ्याला थांबायला ९८ मीटर लागतात. ५० ने येणारा ३५ मीटरांत थांबतो, गाडी स्टँडला लावतो आणि ट्रॉलीवाल्याला चाक काढताना मोबाईलचा उजेड धरतो.