हिवाळ्यांतील उदासी आणि योगाभ्यास

हिवाळ्याविषयीं तक्रार करतांना वर्ध्याच्या माणसास थोडा संकोचच वाटावा, अशी येथील हवा आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हां आपण ज्या दिवसांची आठवण काढतों तेच हे दिवस. बाजारांत संत्रीं आलेलीं असतात, शेतांत कापसाची वेचणी चाललेली असते, हुरड्याचीं आमंत्रणें येतात. आणि तरीहि कित्येक सुखवस्तु घरांत मार्गशीर्ष-पौषांत एखादी व्यक्ति अबोल होऊन बसते. सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं, जेवणांत चव लागत नाहीं, किंवा उलट सारखें गोड खावेंसें वाटतें, कामास हात लागत नाहीं. घरचीं माणसें 'थंडीचा आळस' म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. अशा मनास योगाभ्यासाचा उपयोग होतो काय, आणि होत असल्यास तो कोणत्या रीतीनें करावा, याचा आज विचार करावयाचा आहे.

ऋतूबरोबर येणाऱ्या या खिन्नतेचें शास्त्रीय वर्णन १९८४ सालीं अमेरिकेंत नॉर्मन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. तिचा मुख्य संबंध थंडीशीं नसून प्रकाशाशीं आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या उजेडावर शरीराचें घड्याळ लावलें जातें. तो उजेड उशीरां आला, कीं झोपेचें, भुकेचें व उत्साहाचें वेळापत्रक मागें पडतें. लंडनला डिसेंबरांत दिवस आठ तासांचाहि नसतो. तेथें राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पत्रांतून वा फोनवरून जी मरगळ कानीं येते, तिचें हें एक कारण असूं शकतें. वर्ध्यास मात्र वर्षांतला अगदीं लहान दिवसहि जवळ जवळ अकरा तासांचा असतो, आणि आकाश बहुधा निरभ्र असतें. म्हणजे प्रकाशाचा दुष्काळ आपल्याकडे नाहीं. परंतु खिडक्या लावून, दुलई ओढून आठ वाजेपर्यंत पडून राहणारा आणि पुढचा सारा दिवस कचेरींतल्या दिव्याखालीं काढणारा गृहस्थ आपल्यापुरतें लंडन निर्माण करीत असतो. घरांतील दिव्याचा उजेड कांहीं शें लक्स भरतो. सकाळच्या उघड्या अंगणांत, सावलींतसुद्धां, तो कित्येक हजार लक्स असतो. कापूस वेचणाऱ्या बाईस हा उजेड फुकट मिळतो. (तिचीं दुःखें निराळीं आहेत, कर्जानें खचलेल्या शेतकऱ्यास सूर्यनमस्कार सांगणें ही मला क्रूर थट्टा वाटते.)

येथें आपल्या जिल्ह्यांतील एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. १९३८ सालीं विनोबा भावे यांची प्रकृति इतकी ढासळली होती, कीं वजन ८८ पौंडांवर आलें होतें. गांधीजींनीं काळजीपूर्वक विश्रांति घेण्यास सांगितलें. थंड हवेच्या ठिकाणीं न जातां विनोबांनीं पवनारच्या टेकडीवरील जमनालालजी बजाज यांचा बंगला निवडला. धाम नदीचा पूल ओलांडतांना त्यांनीं मनांतील सर्व विचारांचा व जबाबदाऱ्यांचा त्याग केल्याचें तीन वेळ उच्चारिलें, आणि पलीकडे गेल्यावर तें खरेंच पाळलें. दिवसाचा कांहीं वेळ ते शेत खणीत. पहिल्या दिवशीं पांचच मिनिटें, आणि पुढें रोज थोडी थोडी भर. कांहीं महिन्यांत त्यांचें वजन सुमारें ४० पौंडांनीं वाढलें. त्यांचें दुखणें अशक्तपणाचें होतें, खिन्नतेचें नव्हे, आणि तो हिवाळ्याचा प्रश्नहि नव्हता, हें मान्य करूनहि त्या उपचाराची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. मनावरचें ओझें उतरविलें. परंतु शरीरास रिकामें बसविलें नाहीं, उघड्यावर आणून मोजकें काम दिलें.

उदास माणसास नेमकी याच्या उलट शिफारस करण्यांत येते. 'डोळे मिटून शांत बसा, मन आपोआप स्थिर होईल,' असें सांगणारे सल्लागार घरोघर भेटतात. खिन्न मन मिटल्या डोळ्यांआड रिकामें राहत नाहीं. तें जुने अपमान आणि जुनीं अपयशें उगाळीत बसतें, आणि अर्ध्या तासानें तो मनुष्य अधिकच थकून उठतो. ध्यानावर आधारलेली जी उपचारपद्धति इंग्लंड-कॅनडांतील मानसशास्त्रज्ञांनीं तयार केली, तिची २००० सालीं प्रसिद्ध झालेली पहिली मोठी परीक्षा आजारांतून उठलेल्या लोकांवर होती. ज्यांना तीन किंवा अधिक वेळां खिन्नतेनें गांठलें होतें, त्यांच्यांत तिनें पुन्हां आजार उलटण्याचें प्रमाण पुष्कळ कमी केलें. म्हणजे ध्यानाचें खरें बळ पुढच्या पौषासाठीं आहे. तें आश्विनांत, मन बरें असतांना, शिकून ठेवावें. पतंजलींनींहि दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्थिरता हीं एकाच रांगेंत बसविलीं आहेत. मन हातीं लागत नसेल तेव्हां अंग आणि श्वास या बाजूंनीं आंत शिरावें, असा अर्थ मी त्यावरून घेतों.

प्रत्यक्ष आचरण सोपें आहे. डिसेंबराच्या अखेरीस येथें पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत, शाल पांघरून कां होईना, गच्चीवर किंवा अंगणांत यावें. आधीं चार फेऱ्या चालून सांधे मोकळे करावेत. मग सूर्यनमस्कार अगदीं संथपणें घालावेत. पहिल्या दिवशीं तीन पुरेत, आणि दर दोन दिवसांनीं एक वाढवावा. गुडघे दुखत असतील त्यांनीं खुर्चीवर बसून हात वर-खालीं करीत श्वास घ्यावा-सोडावा. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. नंतर तेथेंच कोवळ्या उन्हांत पांच मिनिटें बसावें, डोळे अर्धवट उघडे ठेवून. सूर्याकडे टक लावूं नये. श्वास सहज आंत घ्यावा, आणि सोडतांना थोडा अधिक वेळ लावावा. मन भटकलें तर त्याच्यावर न रागावतां पुन्हां श्वासाकडे यावें. कपालभाति, भस्त्रिका यांच्या मागें रक्तदाबाच्या व हृदयाच्या रोग्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून लागूं नये. उदास माणूस एकटा उठणार नाहीं, म्हणून घरांतील कोणी तरी त्याच्याबरोबर उठावें. 'उठ' म्हणून हांका मारण्यापेक्षां चहाचा पेला घेऊन गच्चीवर चला म्हणणें अधिक उपयोगी पडतें.

सेवाग्रामच्या आश्रमांतील प्रार्थनाभूमि उघड्या आकाशाखालीं आहे, ती ज्यांनीं थंडींत पाहिली असेल त्यांस या सूचनांत नवें कांहींच वाटणार नाहीं.

मात्र दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिलें, आवडीच्या गोष्टींतूनहि आनंद गेला, किंवा जगणें नकोसें झाल्याची भाषा तोंडीं आली, तर योगाभ्यासाच्या आशेवर एक दिवसहि दवडूं नये. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. तेथें मनोविकारांचे डॉक्टर भेटतात. घरून निघणें अवघड असेल त्यांनीं सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तेथें दिवसरात्र मोफत बोलतां येतें. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या असतील तर, चार दिवस सूर्यनमस्कार घातल्यानें बरें वाटूं लागलें म्हणून त्या बंद करूं नयेत. त्या केव्हां थांबवावयाच्या हें डॉक्टरांस विचारावें, आणि सकाळचें ऊन त्यांच्या जोडीनें चालूं ठेवावें.